जन्मठिकाणाचा रकाना

"गाव कुठलं तुमचं?" हा प्रश्न आपल्याकडे नाव विचारल्यावर लगेच येतो, कधीकधी नावाच्याही आधी येतो. नाशकात तर अलिखित नियमच आहे की नाशकात राहणाऱ्याचं गाव नाशिक असूच शकत नाही, कुणाचं निफाड असतं, कुणाचं सिन्नर, कुणाचं पार धुळ्याकडचं काहीतरी. मी इगतपुरी सांगते. समोरचा मान डोलावतो, मग त्याला माझं आडनाव आठवतं, आडनाव अस्सल इंग्रजी आणि बाई तर मराठीत फाडफाड बोलतेय, हे काही त्याला जुळत नाही आणि पुढचा प्रश्न येतो, "नाही, म्हणजे मूळचं?"

मूळचं म्हणजे, आमच्या घरात जे सांगत आले ते असं. डॅडींचे पणजोबा, म्हणजे माझे खापरपणजोबा, इंग्लंडमधल्या लँकेशायरमधून जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत आले, बॉयलरचं काम करायला. इगतपुरीला लागले आणि तिथेच राहिले. पुढच्या पिढ्या फिटर, फायरमन, ड्रायव्हर. डॅडी ड्रायव्हर. आई नाशिकची, मराठी ख्रिश्चन, तिच्यामुळे घरात मराठी आणि डॅडींमुळे इंग्रजी आणि रागावताना दोघांचीही रेल्वेवाली हिंदी. मी वाढले क्वार्टरमध्ये, शिकले गावातल्या शाळेत, गणपतीच्या वर्गणीला दारोदार हिंडलेय आणि २५ डिसेंबरला कुलकुल हा गोड पदार्थपण तळलाय. त्यामुळे "मूळचं" या शब्दाने मला कधी फारसा त्रास दिला नाही. डॅडींना मात्र होता. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक घडी पडून पडून चार तुकडे झालेला कागद होता, खापरपणजोबांच्या अप्रेंटिसशिपचा, त्यावर 'व्हल्कन फाउंड्री' एवढं स्पष्ट वाचता यायचं. साठच्या दशकात आमचे बरेच नातेवाईक ऑस्ट्रेलियाला गेले तेव्हा त्या कागदाच्या कॉप्या घरोघरी फिरल्या, आपण कुठून आलो हे दाखवायला. डॅडी गेले नाहीत. त्यांना घाट सोडवत नव्हता, असं ते म्हणायचे. आई म्हणायची पेपर्स भरायचा कंटाळा.

माझी मुलगी आता मँचेस्टरला नोकरी करते. तिला भेटायला गेले तेव्हा तिने आधीच सगळं शोधून ठेवलेलं होतं. मला वाटलेलं फार खणावं लागेल, पण इंग्लंडमध्ये पुरुषाचं गाव शोधणं ही इतकी सोपी गोष्ट आहे की थोडी निराशाच झाली. १५३८ साली आठव्या हेन्रीच्या मंत्र्याने, थॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला की प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन वहीत लिहायचं, तेव्हापासून त्या वह्या आहेत, सगळ्या नाही पण खूप. १८३७ पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी. आणि १८४१ पासून शिरगणतीत घरातल्या प्रत्येकाचं नाव. त्यात १८५१ ची शिरगणती तर वंशावळवाल्यांची लाडकी, कारण तिच्यात पहिल्यांदा जन्माचं नेमकं ठिकाण विचारलं, नुसता जिल्हा नाही, गाव. आणि हे सगळं स्कॅन होऊन नेटवर आहे. लँकेशायरच्या चर्चवह्या तर हौशी लोकांनी एकेक ओळ टाइप करून फुकट टाकून ठेवल्यात, आपले कुलवृत्तांत छापणारे काका लोक असतात ना, त्याच जातीची माणसं.

तर १८५१ च्या शिरगणतीत, व्हल्कन फाउंड्री या इंजिनाच्या कारखान्याच्या वसाहतीत, एका घरात खापरपणजोबा सापडले. वय वर्षं १.

आता हे १ वर्ष वय म्हणजे आमच्या खानदानात बॉम्बच होता. कारण आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं की १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे जी पहिली गाडी धावली, १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी, त्या गाडीच्या इंजिनावर आपले खापरपणजोबा होते. भारतातल्या कुठल्याही रेल्वेवाल्या अँग्लो-इंडियन घरी जा, त्यांचाही कुणीतरी त्या इंजिनावर होता. गाडीला इंजिनं तीन होती, साहिब, सिंध आणि सुलतान, पण त्यांच्यावर असलेल्या माणसांची आजची वंशावळ मोजली तर भुसावळ, इगतपुरी, दौंड मिळून एक आख्खी स्पेशल गाडी भरेल. आमचा माणूस त्या दिवशी तीन वर्षांचा होता आणि सात हजार किलोमीटर लांब होता.

पण गंमत पुढे आहे. जीआयपीची ती पहिली आठ इंजिनं कुठे बनली, तर १८५२ मध्ये, व्हल्कन फाउंड्रीत. म्हणजे साहिब, सिंध आणि सुलतान यांचा आणि खापरपणजोबांचा पाळणा एकाच अंगणात हलला. त्यांच्या बापाच्या नावासमोर धंदा लिहिलाय 'बॉयलरमेकर'. त्या आठातल्या एखाद्या बॉयलरला त्याने रिव्हेट मारले असतील की नाही हे कुणीच सांगू शकणार नाही, पण मारले नसतीलच असंही नाही. मुलगी म्हणाली, आई हे पण काही कमी नाहीये.

मँचेस्टर व्हिक्टोरिया स्टेशनवरून आम्ही लोकल पकडली. ही लाइन म्हणजे लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे, १५ सप्टेंबर १८३० ला उघडलेली, दोन शहरांमध्ये सगळ्या गाड्या वाफेच्या इंजिनाने, टाइमटेबलप्रमाणे चालवणारी जगातली पहिली लाइन. आता त्यावर इलेक्ट्रिक गाड्या धावतात आणि डब्यात सगळे मोबाइलमध्ये मान घालून बसलेले. मी मात्र खिडकीला नाक लावून, कारण मधे चॅट मॉस लागतो. हा एक मोठा दलदलीचा पट्टा, त्यात मातीचा भराव टाकला की तो गिळून टाकायचा, शेवटी जॉर्ज स्टीफन्सनने झुडपं, फांद्या आणि हीदरच्या जुड्या अंथरून त्यावर लाइन अक्षरशः तरंगत ठेवली. आजही गाडी तिथूनच जाते. डॅडी असते तर खाली उतरून बघू म्हणाले असते. आणि मग न्यूटन-ले-विलोज यायच्या जरा आधी रुळांच्या कडेला एक स्मारक, विल्यम हस्किसन यांचं. लाइनच्या उद्घाटनाच्या दिवशीच हे खासदारसाहेब इंजिन पाणी घ्यायला थांबलं म्हणून खाली उतरले, ड्यूक ऑफ वेलिंग्टनशी हस्तांदोलन करायला गेले आणि दुसऱ्या रुळावरून येणाऱ्या 'रॉकेट'खाली आले. रूळ ओलांडू नका, ही अनाउन्समेंट आपण दादर-ठाण्याला रोज ऐकतो आणि रोज ओलांडतो, तिची गरज पहिल्याच दिवशी सिद्ध झाली होती.

स्टेशनवरून चालत गेलो. वाटेत पेट्रोल पंप, सुपरमार्केट, लाल विटांची एकसारखी घरं. इंग्लिश व्हिलेज म्हटल्यावर डोळ्यासमोर जे येतं, गवताचं छप्पर, गुलाबाचा वेल, बदकं, ते काही नाही. माझ्या डोक्यात कुठेतरी होतं बहुतेक, कारण थोडी हिरमुसले. मग व्हल्कन व्हिलेज आलं.

ते गाव त्रिकोणी आहे. मधे हिरवळ आणि तिच्याभोवती घरांच्या ओळी, ठेंगणी, एकमेकांना चिकटलेली घरं, आणि ओळींना नावं शहरांची, मँचेस्टर रो, लंडन रो. एका अंगाला रेल्वेलाइन. आणि हे गाव हजार वर्षांचं वगैरे मुळीच नाही. १८३० मध्ये चार्ल्स टेलर नावाच्या लिव्हरपूलच्या माणसाने इथे इंजिनाचा कारखाना काढला, १८३२ मध्ये जॉर्जचा मुलगा रॉबर्ट स्टीफन्सन भागीदार झाला, आणि चहूबाजूंनी शेतं असल्यामुळे कामगारांना राहायला जागाच नव्हती, म्हणून कंपनीने १८३० च्या दशकात हे गाव बांधून काढलं. कामगारांची घरं, शाळा, दुकान. रोमन लोकांचा अग्नीचा आणि लोहारकामाचा देव व्हल्कन, त्याचं नाव कारखान्याला आणि कारखान्याचं गावाला.

म्हणजे क्वार्टर्स! मी हिरवळीच्या कडेला उभी राहून मोठ्याने म्हटलं, क्वार्टर्स आहेत ह्या. मुलगी हसायला लागली. पण ज्याने इगतपुरी बघितलीय त्याला हे सांगायला नको. १ जानेवारी १८६५ ला थळ घाट चढून लाइन इगतपुरीला पोचली, ३७ फुटांना १ फूट चढ, त्यामुळे इथे इंजिनं बदलायची, मागून रेटायला बँकर इंजिनं लावायची, काढायची, मग शेड आलं, शेडमागे माणसं आली, आणि माणसांसाठी कंपनीने ओळीने घरं बांधली. साहेबाला बंगला, ड्रायव्हरला मोठा क्वार्टर, खलाशाला खोली. भोंग्यावर उठायचं. नोकरी गेली की घर गेलं. डॅडी रिटायर झाले तेव्हा आम्ही ज्या घरात जन्मलो, वाढलो, ज्याच्या फायरप्लेसमध्ये पावसाळ्यात कपडे वाळवले, ते घर किल्लीसकट परत देऊन नाशकात फ्लॅटवर आलो. आणि खापरपणजोबांचं 'मूळ गाव' म्हणून जिथे आले तिथेही हाच हिशोब, कंपनीचं घर, कंपनीचा भोंगा. शिरगणतीच्या त्या पानावर जन्मठिकाणाचा रकाना बघा, शेजारीपाजारी कुणी स्कॉटलंड, कुणी वेल्स, कुणी यॉर्कशायर. खापरपणजोबांचे वडील नॉर्थम्बरलंडचे, पार ईशान्य टोकाचे, स्टीफन्सन मंडळींच्या मुलुखातले. त्या ओळीतला एकही मोठा माणूस तिथला नव्हता. "मूळचे कुठले?" तिथेही विचारत असणार एकमेकांना.

कारखाना आता नाही. २००२ मध्ये बंद झाला, मग पाडला, त्या जागेवर नवी घरं आलीत. एक म्हातारेबुवा कुत्र्याला फिरवत होते, आम्ही दोघी फोटो काढतोय बघून थांबले. सगळी उमर व्हल्कनमध्ये काढलेली, फिटर. मला 'लव्ह' म्हणाले, तिकडे अनोळखी बाईला सर्रास म्हणतात. उच्चार असले की माझ्या मुलीलाही निम्मंच कळत होतं, मला त्यातलं निम्मं. पण इंजिनाबद्दल बोलायला लागले आणि मला सगळं कळायला लागलं. डेल्टिक, १९६१-६२ मध्ये इथे बनलेली २२ डिझेल इंजिनं, त्यांचा आवाज त्यांनी तोंडाने काढून दाखवला. युद्धात इथे रणगाडे बनले, माटिल्डा, ते त्यांच्या वडिलांच्या वेळचं. मी पर्समधून डॅडींचा फोटो काढला. खेकड्याच्या पायरीवर उभे, एक हात दांडीला, केस तेल लावून मागे.

खेकडा म्हणजे काय हे घाटाखालच्यांना आणि तिशीच्या आतल्यांना सांगायला पाहिजे. १९३० च्या सुमारास थळ आणि बोर या दोन्ही घाटांमध्ये वीज आली, तेव्हा जीआयपीने मालगाड्यांसाठी आणलेली ही विजेची इंजिनं, एकूण ४१, पुढे-मागे लांब नाक, मधे केबिन, चाकांना जोडणारे दांडे बाहेर, चालताना ते दांडे असे काही हलायचे आणि पोटातून असा काही कण्हल्यासारखा आवाज यायचा की लोकांनी नावच खेकडा ठेवलं. साठ वर्षं चालली ती, शेवटी शेवटी घाटात गाडीला मागून रेटायला. त्यातली पहिली दहा स्वित्झर्लंडची. बाकीची ३१ व्हल्कन फाउंड्रीची.

म्हातारेबुवांनी फोटो डोळ्याजवळ नेऊन बघितला, डॅडींकडे नाही, खालच्या दांड्यांकडे. मग विचारलं, अजून आहेत का ही चालू? म्हटलं नाही, म्युझियममध्ये आहेत. "आमच्यापेक्षा जास्त टिकली मग," म्हणाले, आणि कुत्र्याला घेऊन गेले. मला वाटलेलं चहाला वगैरे बोलावतील. तसलं काही झालं नाही. इंटरनेटवर जे मूळ गाव शोधायला गेलेल्यांचे लेख असतात त्यात हमखास कुणीतरी दूरचा चुलतभाऊ भेटतो आणि सगळे रडतात. आमच्या आडनावाचं तिथे आता कुणीही नाही.

तिथून पुढे विनविकला गेलो, सेंट ऑस्वाल्डचं चर्च बघायला. हे खरं जुनं. फाउंड्री यायच्या आधी हा सगळा भाग ह्याच चर्चच्या हद्दीत. मनोरा चौदाव्या शतकातला आणि त्याच्यावर दगडात कोरलेलं एक डुक्कर, गळ्यात घंटा घातलेलं. गोष्ट अशी सांगतात की चर्च दुसरीकडे बांधायला घेतलं होतं, दिवसभर गवंड्यांनी रचलेले दगड रात्री हे डुक्कर एकेक करून तोंडात धरून इकडे आणून टाकायचं, शेवटी लोकांनी हार मानून इथेच बांधलं. असल्या गोष्टी आपल्याकडे गावागावात आहेत, फक्त आपल्याकडे डुक्कर नसतं, गाय असते किंवा देव स्वतः स्वप्नात येतो. मला डुक्कर जास्त आवडलं, मेहनत तरी करतं.

चर्चमागच्या दफनभूमीत आमचं कुणी असणार हे नक्की, पण दगड नाही. बॉयलरमेकरला दगड कुठून परवडणार. यू-च्या झाडाखाली बसून मुलीने फोनवर लग्नाच्या वहीचं पान उघडलं, खापरपणजोबांच्या आईवडिलांचं लग्न, ह्याच चर्चमधलं. नवऱ्याचं नाव, धंदा, त्याच्या बापाचं नाव, बापाचा धंदा. नवरीचं नाव, तिच्या बापाचं नाव, त्याचा धंदा 'मजूर'. खाली नवऱ्याची वाकडीतिकडी सही. आणि नवरीच्या नावापुढे एक फुली, शेजारी पाद्रीने लिहिलेलं, हिची खूण.

मी सहज विचारलं, आणि आयांची नावं कुठायत? रकाना नाहीये, मुलगी म्हणाली. नसायचाच. इंग्लंड आणि वेल्सच्या लग्ननोंदीत नवरा-नवरीच्या आईचं नाव टाकायला सुरुवात झाली ४ मे २०२१ पासून. मला वाटलं ती एकोणिसशे म्हणतेय. नाही, दोन हजार एकवीस. १८३७ पासून तोपर्यंत फक्त बाप.

मग ही फुलीवाली बाई कुठली? परत १८५१ ची शिरगणती. नवऱ्यासमोर नॉर्थम्बरलंड आणि पुढे गावाचं नाव व्यवस्थित. तिच्यासमोर एकच शब्द, आयर्लंड. गाव नाही, परगणा नाही. चूक नाहीये ती, सूचनाच तशी होती, इंग्लंडात जन्मलेल्याचं गाव लिहा, स्कॉटलंड-आयर्लंडवाल्याचा नुसता देश लिहिला तरी चालेल. बटाट्याच्या रोगाचा दुष्काळ १८४५ ला सुरू झाला, लिव्हरपूलच्या धक्क्यावर लाखो आयरिश लोक उतरले, त्यात ही आली असेल किंवा आधीच आली असेल. तिकडे आयर्लंडात जाऊन शोधावं तर डब्लिनला फोर कोर्ट्समध्ये सरकारी दप्तरखाना होता, तो ३० जून १९२२ ला यादवी युद्धात उडाला आणि जळाला, त्यात १८२१ ते १८५१ च्या आयरिश शिरगणत्या जवळजवळ सगळ्या आणि प्रोटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडच्या बऱ्याच जुन्या वह्या गेल्या. म्हणजे इकडे लिहिलं नाही आणि तिकडे लिहिलेलं उरलं नाही. आम्ही त्या दिवशी सकाळपासून 'आपल्या गावी' आल्याचा जो एक आव आणत होतो तो तिथे त्या बाकावर गळून पडला. आपलं गाव म्हणजे आपल्या आडनावाचं गाव, एवढंच ते. निम्मं रक्त कुठलं त्याचा पत्ता नाही, आणि ते निम्मंसुद्धा एकाच पिढीचं बोलतेय मी.

कारण पुढच्या पिढीत हेच परत झालंय.

खापरपणजोबांचं लग्न इगतपुरीत झालं, १८७० च्या दशकाच्या शेवटी. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या नोंदींच्या नकला दरवर्षी लंडनला इंडिया ऑफिसकडे जायच्या, त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्याही आता स्कॅन झाल्यात, तिथून मुलीने ही नोंद काढली. नवरा, आडनावासकट, वय, हुद्दा, बापाचं नाव, बॉयलरमेकर. नवरी, फक्त एक बायबलमधलं नाव, आडनाव नाही, वय १८, राहणार शरणपूर. बापाचं नाव, माहीत नाही.

डॅडी हयातभर व्हल्कन व्हल्कन करत राहिले, पण ह्या बाईबद्दल घरात एक शब्द कुणी बोललेलं मला आठवत नाही. नाही म्हणायला पर्थच्या आँटीने एकदा सांगितलेलं की ती पोर्तुगीज होती. अँग्लो-इंडियन घरात ज्या आजीबद्दल बोलायचं नसतं ती पोर्तुगीज असते.

शरणपूर म्हणजे नाशिकची ख्रिस्ती वसाहत, चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस या मिशनऱ्याने १८५० च्या दशकात वसवलेली. अनाथाश्रम, शाळा, सुतारकाम-लोहारकाम शिकवायची सोय. दुष्काळात, पटकीत आईबाप गेलेली आसपासची मुलं तिथे यायची. पण फक्त तीच नाही. अरबी समुद्रात ब्रिटिश नौदल गुलामांची गलबतं पकडायचं, त्यातून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवायचे आणि त्यातली बरीच शरणपूरला ठेवायचे. जेकब वेनराइट हा तिथलाच विद्यार्थी. १८७३ मध्ये आफ्रिका धुंडाळणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन तिथेच वारला, त्याचं शव ज्यांनी समुद्रापर्यंत वाहून आणलं त्यांच्यात हा होता, आणि १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला खांदा द्यायलाही होता. नाशकात शिकलेला मुलगा. आमच्या शाळेत कुणी सांगितलं नाही हे.

तर १८ वर्षांची, बापाचं नाव माहीत नसलेली, शरणपूरची मुलगी. ती पेठ-सुरगाण्याकडची असेल. नगरची असेल. किंवा तिचं गाव आफ्रिकेत कुठल्यातरी तळ्याकाठी असेल, ज्याचं नाव तिला उचललं तेव्हा सांगताही येत नसेल. तिघींपैकी कुठलीही. माझ्या केसांवरून आईच्या मैत्रिणी लहानपणी काय काय म्हणायच्या ते मला त्या बाकावर बसल्या बसल्या आठवलं, आणि मी मुलीच्या केसांकडे बघितलं, आणि ती म्हणाली, मी पण तोच विचार करतेय.

आपल्या राज्यघटनेत अँग्लो-इंडियनची व्याख्या आहे, कलम ३६६, उपकलम २. ज्याचा बाप किंवा बापाकडून वरच्या पुरुषांपैकी कुणीही युरोपियन वंशाचा, आणि जो स्वतः भारतात जन्मलेला आणि इथलाच रहिवासी, तो अँग्लो-इंडियन. पुरुषांची ओळ, सरळ वर. अँग्लो-इंडियन म्हणून डॅडींच्या आधीच्या पिढ्यांना रेल्वेत प्राधान्य मिळालं, ते घटनेने १९६० पर्यंत हळूहळू संपवलं, लोकसभेतल्या दोन नेमलेल्या जागा २०२० पर्यंत होत्या, मग त्याही गेल्या. मला त्याबद्दल फार दुःख नाही. पण व्याख्या वाचताना एवढं लक्षात येतं की शरणपूरच्या त्या मुलीचा तिच्यात काहीच संबंध नाही. ती कुणीही असती तरी आम्ही अँग्लो-इंडियनच असतो. तिची जागा रिकामी ठेवूनही हिशोब पुरा होतो, अशीच मांडणी आहे सगळीकडे, वह्यांमध्ये, कायद्यात, आमच्या घरातल्या गप्पांमध्ये. आणि मी विमानाचं तिकीट काढून बघायला गेले ते कुणाचं गाव, तर ज्याचा कागद पेटीत होता त्याचं.

बँकेत जाताना मी रोज शरणपूर रोडने जाते. स्कूटरवर. सिग्नलला शिव्या देत.

पर्थच्या आँटीला व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. ८६ वर्षांची आहे, ऐकायला कमी येतं पण सोयीने. पहिल्या गाडीच्या वेळी तुझे पणजोबा तीन वर्षांचे होते म्हटलं. ती जरा गप्प बसली. मग म्हणाली, मग त्यांचे वडील असतील इंजिनावर. त्यांचे वडील कधी इंग्लंडबाहेर पडलेच नाहीत आँटी. तुला काय माहीत, ती म्हणाली, आणि फॅमिली ग्रुपवर संध्याकाळपर्यंत ही दुरुस्त आवृत्ती फिरायला लागली होती. शरणपूरबद्दल तिने काही विचारलं नाही. मी दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा आवाज कट होतोय म्हणाली.

एक गोष्ट मात्र डोक्यात घोळत राहिली. लंडनला गेली ती नकल. नकलेत सही नसते, कारकून नावं उतरवून काढतो. मूळ वही इथेच राहिली. आणि शरणपूरच्या शाळेत मुलींना लिहायला-वाचायला शिकवायचे. म्हणजे विनविकवाल्या सासूने फुली मारली होती, ती सून कदाचित सही करून गेली असेल. मराठीत केली असेल का, बाळबोध अक्षरात, की इंग्रजीत, काय माहीत, पण तिच्या हातचं काहीतरी कुठल्यातरी कपाटात असू शकतं, वाळवीने ठेवलं असेल तर.

नाशिकला परत आल्यावर रजेचा एक दिवस काढून एका चर्चच्या ऑफिसात गेले. जुन्या वह्यांबद्दल विचारलं. टेबलामागचे काका सज्जन होते, पंखा माझ्याकडे वळवला, म्हणाले बघू, वह्या आहेत काही, काही इकडेतिकडे गेल्या, काही मुंबईला, पण तुम्ही आधी अर्ज करा, मग पाद्री साहेबांना विचारून सांगतो. अर्जाचा छापील कागद दिला. ज्या व्यक्तीची नोंद हवी तिचं नाव. लिहिलं. लग्नाचं अंदाजे वर्ष. लिहिलं. तिसरा रकाना, सदर व्यक्तीच्या वडिलांचं संपूर्ण नाव.

"हे नाहीये," मी म्हटलं.

"भरायला लागेल मॅडम," काका म्हणाले, "त्याशिवाय शोधणार कसं?"